अकरा एकांची रास

दादामियाँनी विसावी पायली भरलीच नाही. हरणाबाईच्या राशीतून एकोणीस पायल्या ज्वारी त्यांनी समोरच्या पोत्यात ओतली होती. पहिलीला रिवाजाप्रमाणे 'बरकत' म्हटले होते आणि दुसरीपासून आकडे घेतले होते. आता खाली अंथरलेल्या चवाळ्यावर जो ढीग उरला होता तो नेमका एका पायलीचा होता, आणि मोंढ्याच्या धान्यबाजारात उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसत होते. तरीही दादामियाँनी माप बाजूला ठेवले, पांढऱ्या दाढीतला भुसा बोटांनी झटकला आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"किती झालं, मामू?" हरणाबाईने विचारले.

"एकोणीस. आन् रास उभी हाय."

"घरून ईस मोजून आणलं हुतं म्या."

"मग ईसच आसंल की. म्या कुठं न्हाय म्हंतो? ऱ्हायलेलं तुझ्या हातानं पोत्यात घाल. मापानं रास खाली करू न्हाय, रिती करू न्हाय, बाई."

"तुमाला ठकवायला लई सोपं हाय," हरणाबाई हसत म्हणाली आणि दोन्ही ओंजळींनी ज्वारी पोत्यात ढकलू लागली.

वीरप्पा तिथे थांबला होता तो केवळ सलाम करण्यापुरता. धाराशिवच्या सरकारी शाळेत तो गणित शिकवत असे. हैदराबाद संस्थानाच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारची सुट्टी होती. काखेत एक जाड लिफाफा होता आणि पाय डाकखान्याकडे निघालेले होते. लिफाफ्यात चौदा पाने होती आणि त्या चौदा पानांत एकच विधान होते: अकरा एक ओळीने लिहून होणारी संख्या ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. हैदराबादेत पुढच्या आठवड्यात गणिताच्या अध्यापकांची सभा भरणार होती, आणि तिथे वाचायचे निबंध सोमवारपर्यंत पोहोचायचे होते. टपालाची मोटार चार वाजता येडशी स्टेशनकडे सुटत असे. घाई अशी नव्हतीच. पण हरणाबाईच्या ओंजळीतून ज्वारी घरंगळताना त्याने पाहिली, आणि अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा तो जागीच अडखळला. रास मापात बरोबर बसली होती. म्हणजे बाकी शून्य. आणि दादामियाँनी सांगितले होते ते शून्य नव्हते. एकोणीस मापे, आणि खाली एक मापभर.

"दादामियाँ," तो म्हणाला, आणि आपला आवाज वर्गातल्यासारखा चढला आहे हे त्याच्या लक्षात आले. "रास अशी तंतोतंत बसली, की तुम्ही दर वेळी शेवटचं माप राहू देता?"

"मंग? संपलं म्हनायचं का तोंडानं? माज्या बापानं, फकीर मापाड्यानं, उभ्या जन्मात म्हनलं न्हाय."

"आणि माझ्या राशीत? तुम्ही सकाळी आमच्या ओसरीवर करता तिच्यात?"

दादामियाँनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की गणिताच्या मास्तरला मोजणे शिकवण्याची वेळ आपल्यावर यावी याचे त्यांना वाईट वाटत असावे. "रास म्हंजे रास, मास्तर. दाण्याची काय आन् आकड्याची काय."

"म्हणजे तीही कधी तंतोतंत बसली होती?"

"आवो, पावणेदोन वर्सं रोज करतोय म्या. त्ये आकडे म्या घरी न्हेत न्हाय. आला, सांगितला, गेला." मशिदीकडून जुम्म्याची बांग ऐकू आली. दादामियाँनी खांद्यावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला. "तुमच्या घरी बाईंना इचारा की. त्यांनी तर लिवलंय समदं."

डाकखाना समोर, शंभर पावलांवर होता. वीरप्पा उलट फिरला. तो चालत होता की धावत होता याविषयी मोंढ्यातल्या लोकांत नंतर मतभेद झाले असते, पण त्याला स्वतःला एवढेच कळत होते की लिफाफा घामाने ओला होतो आहे आणि आपल्याला भीती वाटत नाही. जे वाटते आहे ते भीतीपेक्षा कितीतरी वेगवान आहे. ती संख्या लिहायला अत्यंत सोपी होती. वाचायला घेतली की अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. तोंडाला जणू एकच शब्द येत असावा. ती त्याला प्रथम दाखवली ती वडिलांनी, अणदूरला, दुकानाच्या ओट्यावर. नागप्पांची सकाळची पूजा आटोपलेली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे ओले होते, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या पाटीवर त्यांनी अकरा उभ्या रेघा ओढल्या होत्या. "हे अकरा रुद्र. खांद्याला खांदा लावून उभे हायत. ह्यांची सारखी वाटणी कुणालाच करता येत न्हाय. तीसापतूर म्या बघितलं. पुढचं तू बघ." ते वाक्य मुलाला बढाईसारखे ऐकू आले होते. देवाचे सामर्थ्य सांगताना माणसे असेच बोलतात. पुढचे तू बघ, म्हणजे बघून दमशील. पुढे हैदराबादच्या कॉलेजात, उर्दूतून भौतिकशास्त्र आणि गणित शिकत असताना, जन्मभर उतरवायचे नसते ते गळ्यातले लिंग त्याने एका दुपारी उतरवले आणि ट्रंकेत गणिताच्या पुस्तकांखाली ठेवून दिले. त्यात बंडखोरी फारशी नव्हती. एखादे विधान सिद्ध करता येत नसेल तर ते छातीवर बाळगू नये, इतकेच त्याला वाटले होते. दिवाळीत घरी गेल्यावर वडिलांनी सदऱ्याच्या गळ्याकडे पाहिले, पानावरून उठून आपले ताट उचलले आणि ते आत नेऊन बसले. त्यानंतरची तेरा वर्षे बापलेकांत बोलणे झाले ते पावसाचे, करडईच्या भावाचे आणि मोटारीच्या वेळांचे. शेवटच्या वैशाखात, अंथरुणावरून, नागप्पांनी अचानक विचारले होते, "फुटली का रे ती? अकरा एकांची?" "नाही, अप्पा." आणि वडील हसले होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा. ते हसू जिंकल्याचे आहे असे त्याने गृहीत धरले होते, आणि महिन्याभराने, वडील मातीत गेल्यावर, त्या हसण्याला प्रमाण मिळवून देण्याच्या कामाला तो लागला होता. देवाने नव्हे, भागाकाराने. निबंधाच्या शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, त्याने लिहिले होते: ही गोष्ट लेखकास प्रथम त्याच्या वडिलांनी सांगितली. त्या एका ओळीसाठी उरलेली तेरा पाने लिहिली गेली आहेत हे त्याने स्वतःपाशीही कबूल केले नव्हते.

आणि आता ती ओळ काखेत भिजत होती. काम त्याने नेटके केले होते, हे तो चालता चालता स्वतःला सांगत राहिला, जणू समोर तपासनीस उभा आहे. कॉलेजातल्या एका प्रमेयाने त्याच्या हाती किल्ली दिली होती: अकरा एकांच्या संख्येला एखादी मूळ संख्या भागत असेलच, तर ती बावीसच्या पटीहून बरोबर एकाने जास्त असली पाहिजे. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव, अशी. ("आहेरासारखंच की," त्याची बायको महानंदा म्हणाली होती, "वर एक ठेवल्याबिगर देतच न्हाईत.") वर्गमूळापलीकडे पाहण्याचे कारण नव्हते, आणि वर्गमूळ एक लाख पाच हजार चारशे नवाच्या किंचित पुढे होते. एवढ्या मर्यादेत अशा मूळ संख्या जवळपास हजार. त्यांची यादी करण्यातच पहिले काही महिने गेले असते, पण मध्येच दादामियाँ सापडले आणि यादी व भागाकार दोन्ही बरोबरीने चालू लागले. गाडीवानांच्या एका भांडणात या मापाड्याने सतरा गाड्यांचा हिशेब तोंडी मिटवलेला वीरप्पाने ऐकला होता. अक्षराची ओळख नाही, पण डोक्यात आकडे असे राहत की जणू धान्यासारखे हाताला लागत असावेत. वीरप्पाने त्यांच्यासाठी रीतही सोपी काढली होती, कारण ती संख्याच तशी होती. सगळे एकच एक. म्हणून डोक्यात एकाच वेळी एकच आकडा धरायचा: जे उरले असेल त्याची दसपट, वर एक, मग भाजक हे माप समजून निघतील तेवढी मापे काढायची, उरले त्याची पुन्हा दसपट, पुन्हा वर एक. अकरा एक संपले की जे उरेल ती बाकी. रोज सकाळी मोंढ्यावर जाण्याआधी दादामियाँ ओसरीवर बसत, गुळाचा चहा घेत आणि डोळे मिटून दोन भागाकार करीत. वीरप्पा त्या वेळी शाळेत असे. महानंदा यादीतला आकडा वाचे, ते बाकी सांगत, ती वहीत लिहून घेई. पहिल्या आठवड्यातले सगळे आणि पुढे दर दहावा भागाकार वीरप्पा कागदावर करून ताडून पाही. एकदाही चूक निघाली नव्हती. आणि या सगळ्यांहून नेटकी खबरदारी, जिचा त्याला खासगीत अभिमान होता, ती ही: आपण काय शोधतो आहोत हे त्याने दादामियाँना कधीच सांगितले नव्हते. निरीक्षकाला अपेक्षित निष्कर्ष माहीत असला तर त्याचा हात नकळत तिकडे झुकतो, हे तो प्रयोगशाळेत शिकला होता. बाकी सांगा, एवढेच त्याने म्हटले होते. बाकी नसली तर काय करायचे, हे सांगायचे चुकून राहिले नव्हते. ते न सांगणे हीच पद्धत होती. संध्याकाळी तो वही घेई आणि बाकीच्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवी. शून्य दिसते का पाही. शून्य दिसत नसे. त्याने वही पाहिलीच नव्हती. त्याने वहीत फक्त शून्य पाहिले होते, तेही नसलेले. बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना, हे पाहा, असे तो इयत्ता चौथीला रोज ओरडून सांगत असे.

महानंदा अंगणात ज्वारीच्या पापड्या वाळत घालत होती. भरदुपारी तो असा घामाघूम आलेला पाहून ती उठली. "मोटार आधीच गेली का?"

"महानंदा, दादामियाँनी कधी भाजक जेवढा, तेवढीच बाकी सांगितली होती? जेवढं माप, तेवढंच उरलं, असं?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "व्हय. एकदा."

"एकदाच?"

"एकदाच. भोगीच्या दिवशी. औंदाची न्हाय, गेल्या सालची भोगी. मी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या करत होते. ते म्हणाले, 'बाई, आज लई चांगली रास बसली.' मी म्हणलं, सणाचा दिवस हाय, बसंल की."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"लिहिलं की वहीत." ती चकित झाली होती, अपराधी नव्हती. "आमच्या माहेरी माकणीला खळ्यावर समदे असंच करत्यात. शेवटचं माप मोजत न्हाईत. मला वाटलं, तुमाला ठावं असंल. तुमी येवढे शिकलेले."

त्याला हसू आले, आणि ते हसू त्याला आवरेना. पावणेदोन वर्षे या घराच्या ओसरीवर दोन माणसे ती गोष्ट उघडपणे बोलत होती, आणि घरातले एकमेव शिकलेले माणूस तिच्यावरून रोज बोट फिरवीत होते. वह्या फडताळात होत्या, सात. महानंदाने तिसरी काढली आणि पाने चाळली नाहीत. वही कडेने धरून झटकली. एका पानातून दोन वाळके तीळ चटईवर पडले. तिथे तिचे गोल, सावकाश अक्षर होते. डाव्या रकान्यात २१६४९. उजव्या रकान्यात २१६४९. शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे. या पानावरून त्याचे बोट गेले होते. कदाचित तीळ त्याने पाहिलेही असतील.

तो चटईवर बसला आणि पाटी मांडीवर घेतली. मन अजून एक खोट काढून पाहत होते: म्हाताऱ्याची चूक झाली असेल, सणाची गडबड, महानंदाने डावाच आकडा दोनदा उतरवला असेल. ही शक्यता नाकारण्याजोगी नव्हती, आणि ती आपल्याला नको आहे हे त्याला लख्खपणे जाणवले. अर्ध्या तासापूर्वी तो ज्या विधानासाठी डाकखान्याकडे निघाला होता, ते खोटे ठरावे म्हणून तो आता श्वास रोखून बसला होता. आपण कोणत्या बाजूचे आहोत, असे त्याने स्वतःला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता खडू टेकवला. पहिले सहा एक: एक लाख अकरा हजार एकशे अकरा. पाच मापे निघाली, उरले २८६६. दसपट, वर एक, एक माप, उरले ७०१२. दसपट, वर एक, तीन मापे, ५१७४. पुन्हा, दोन मापे, ८४४३. पुन्हा, तीन, १९४८४. आता एकच एक उरला होता, अकरावा. दसपट, वर एक: १९४८४१. दादामियाँच्या मिटल्या डोळ्यांपुढे त्या भोगीच्या सकाळी हाच ढीग उभा असणार. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासचे माप. त्यांनी आठ मापे काढली असतील, नववे भरताना हाताला कळले असेल की आता चवाळे उघडे पडणार, आणि तो हात थांबला असेल. वीरप्पाने नऊने गुणले. नऊ नव्वे एक्याऐंशी, एक खाली, हातचे आठ. नऊ चोक छत्तीस, आणि आठ चव्वेचाळीस. आकडे उजवीकडून डावीकडे येत गेले, आणि शेवटचा आकडा बसला तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून महानंदा दारातून आत आली. १९४८४१. एक कणही उरत नव्हता.

"काय झालं?"

"फुटली," तो म्हणाला. "थांब. बोलू नकोस. उलटं करून बघतो."

कारण भागाकार हा आरोप असतो. गुणाकार हा कबुलीजबाब. मापांची संख्या ओळीने पाटीवर होतीच: पाच, एक, तीन, दोन, तीन, आणि शेवटी नऊ. ५१३२३९. त्याने पाटी पुसली, कडेपर्यंत कोरडी केली आणि हे दोन आकडे एकाखाली एक मांडले. वीस हजारपट; सोळाशेपट; एकोणपन्नासपट. तीन ओळी झाल्या: १०२६४७८००००, खाली ८२११८२४००, खाली २५१४८७११. त्या तीन ओळींत एकसारखेपणा कुठेही नव्हता; आठ, दोन, सात, चार, बाजारातल्या गर्दीसारखे कसेही उभे होते. त्याने रेघ ओढली आणि बेरीज धरली. एकम स्थानी एक. दशम स्थानी एक. शतकात सात आणि चार, अकरा. एक खाली, हातचा एक. हजारात आठ, दोन आणि हातचा एक, अकरा. एक खाली, हातचा एक. दशहजारात चार, आठ, आठ आणि एक, एकवीस. एक खाली, हातचे दोन. लाखात एक, एक, सात आणि दोन, अकरा. दशलक्षात पाच, एक, चार आणि एक, अकरा. कोटीत दोन, दोन, सहा आणि एक: अकरा. दहा कोटीत आठ, दोन आणि एक: अकरा. प्रत्येक खांबाखाली तीच बेरीज येत होती, जणू ती संख्या आपले नाव स्वतःच पुन्हा पुन्हा सांगत होती. अब्जाला काहीच नव्हते, नुसता हातचा एक, तो उतरला. आणि सर्वांत डावीकडचा एक, जो पहिल्या ओळीत सुरुवातीपासून एकटा उभा होता, तो सरळ खाली आला. वीरप्पाने बोटाने मोजले. अकरा. डावीकडून मोजले. अकरा. महानंदाने त्याच्या खांद्यावरून वाकून मोजले आणि ती म्हणाली, "अकराच हायत," आणि का कोण जाणे, तिने पदर डोक्यावरून घेतला.

मग त्याच्या लक्षात आले की आणखी काहीच करायचे उरलेले नाही. ५१३२३९ याचे आणखी तुकडे पडतात का? पडणार असतील तर तेही बावीसच्या पटीवर एक असेच असले पाहिजेत, आणि त्यांतला लहान सातशे सोळाच्या आत. अशा मूळ संख्या अवघ्या बारा. त्या बाराही भागाकारांची बाकी दादामियाँनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेली होती, आणि त्याने स्वतः ताडून पाहिलेली होती. म्हणजे दोनच. एक पाच आकडी, एक सहा आकडी, आणि दोन्ही अभंग. भोगीनंतरची सव्वा वर्षे, सातशेहून जास्त भागाकार, चार वह्या, सगळे निष्फळ होते. आणि त्याला त्याचे किंचितही दुःख होत नव्हते. हे दोन आकडे कोठल्या तरी परदेशी ग्रंथात, कोठल्या तरी तक्त्यात, कदाचित केव्हाचेच छापलेले असतील; धाराशिवात तो तक्ता नव्हता. तो असला म्हणून या दुपारमधून काय वजा होणार होते? तो उठून अंगणात गेला आणि परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पापड्यांवरच्या माश्या त्याच्यामुळे तीनदा उडाल्या.

"मामंजी असते तर?" महानंदाने हळूच विचारले.

या प्रश्नाची भीती त्याला मोंढ्यापासून घरापर्यंत वाटायला हवी होती. ती आता, उशिरा, आली. नागप्पांनी काय केले असते? पान उचलून आत गेले असते? त्याने वडिलांचा चेहरा आठवून पाहिला, आणि आठवली ती पाटी. अकरा रेघा ओढून झाल्यावर वडिलांनी ती उलटी करून मागची बाजू दाखवली होती; इतकी वर्षे ती बाजू त्याच्या आठवणीत होती आणि त्याने कधी तिकडे पाहिले नव्हते. मागे बारीक अक्षरात भागाकार होते. दोनचा, तीनचा, सातचा, तेराचा, सतराचा, तेवीसचा, एकोणतीसचा, खालच्या कोपऱ्यात तीसचा, दाटीवाटीने. प्रत्येकाची बाकी वर्तुळात. ज्याची श्रद्धा पुरी असते तो भागाकार करत बसत नाही. दुकानातला तो माणूस विभूती लावून रोज सकाळी देवाची परीक्षा घेत होता, आणि त्याचे पाढे तीसावर संपत होते, एवढेच. तीसापतूर म्या बघितलं. पुढचं तू बघ. ती बढाई नव्हती. ते सोपवलेले काम होते. शेवटच्या वैशाखात त्यांनी विचारले होते ते 'फुटली का', आणि हसले होते ते, तेरा वर्षे मनातले न बोललेला मुलगा अजून बघतो आहे, हे कळल्याने हसले असतील. हे सिद्ध करता येण्यासारखे नव्हते. वीरप्पाने ते तरीही बाळगायचे ठरवले.

"त्यांनी बेरीज पुन्हा करायला लावली असती," तो म्हणाला. "तीनदा."

साडेतीनला त्याने चौदा पाने बाजूला सारली आणि एकच पान लिहिले. त्यावर तीन संख्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गुणिले व बरोबर अशी दोन चिन्हे. खाली, सभेच्या रिवाजात न बसणाऱ्या चार ओळी: तीसपर्यंतचे भागाकार, नागप्पा, अणदूर. पुढचे, दादामियाँ वल्द फकीर, मापाडी, मोंढा. नोंद, महानंदा. बेरीज, वीरप्पा.

मोंढ्यात सावल्या लांबल्या होत्या. दादामियाँ नमाजहून परतून दुसऱ्या राशीशी बसले होते. वीरप्पा त्यांच्यासमोर मातीतच उकिडवा बसला आणि त्याने एका दमात सगळे सांगितले: काय शोधत होतो, का सांगितले नव्हते, भोगीच्या दिवशी काय झाले. दादामियाँ माप हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजे तुमाला खालीच पायजे हुती व्हय रास?" ते शेवटी म्हणाले. "मास्तर, आधी बोलायचं न्हाय का? सव्वा वरीस फुकटचा चहा पिलो की म्या!"

"चूक माझी आहे, चाचा."

"चूक तर हायच," दादामियाँ म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा हसल्या. मग त्यांनी पुढे वाकून, मापाडी मालाची प्रत विचारतो तशा सुरात विचारले, "त्या वहीत आता काय करनार? माजा आकडा खोडून शून्य लिवनार?"

वीरप्पाने खिशातून खडूने पांढरी झालेली बोटे बाहेर काढली आणि त्यांच्याकडे पाहिले. शून्य हे बरोबर उत्तर होते. त्याबद्दल दुमत असू शकत नव्हते, आणि हैदराबादला जाणाऱ्या कागदावर ते गुणाकाराच्या रूपाने होतेच.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही ठेवलंय, तेवढं राहू दे."

डाकखान्यापाशी टपालाच्या मोटारीने भोंगा दिला. वीरप्पा उठून धावला, आणि या वेळी तो धावतो आहे याबद्दल मोंढ्यात कोणाचाही मतभेद झाला नाही. मागे दादामियाँनी नव्या राशीत माप खुपसले, काठोकाठ भरले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज दिला, "बरकत!"